सागरी मत्स्यसंवर्धनातील पोषण व आहार

समुद्रात किंवा खाडीत बसविलेले जाळीचे पिंजरे, तसेच किनाऱ्यालगतची खाऱ्या पाण्याची तळी व टाक्या यांत वाढविल्या जाणाऱ्या माशांना लागणारी पोषकद्रव्ये, ती पुरविणारे खाद्य आणि ते देण्याच्या पद्धती यांचा विचार या विषयात केला जातो. रोहू, कटला, मृगळ यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांच्या तळ्यात शेणखत वा रासायनिक खत घातले, की पाण्यात प्लवकांची (तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची) वाढ होते व माशांच्या आहाराचा मोठा वाटा तेथेच तयार होतो. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड यांची जोड दिली, की बहुधा भागते. समुद्रातील पिंजऱ्यात ही सोय नाही. पाणी जाळीतून सतत वाहत असते आणि दाटीने ठेवलेल्या माशांना त्यातून मिळणारे नैसर्गिक अन्न नगण्य असते. शिवाय बाजारात चांगली किंमत येणारे सागरी मासे बहुतांशी मांसाहारी आहेत. त्यामुळे खाद्य हाच या व्यवसायातील सर्वांत मोठा खर्च असून एकूण उत्पादनखर्चाचा साधारणतः निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग त्यावर होतो. हे खाद्य पुन्हा समुद्रातीलच मासळीपासून बनवावयाचे असेल, तर माशांच्या शेतीमुळे जगातील मासळीत भर पडते की घट होते, हा प्रश्न उभा राहतो. गेल्या चार दशकांतील मत्स्यपोषणविषयक संशोधनाचा मोठा भाग या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

पिंजऱ्यांतील आधुनिक संवर्धनाचा पाया नॉर्वेत घातला गेला. तेथील हित्रा बेटावर १९७० साली ओवे व सिवर्ट ग्रॉन्टवेट या बंधूंनी सामन माशांची पिल्ले समुद्रातील तरंगत्या पिंजऱ्यांत सोडली. जपानमध्ये यलोटेल (हामाची) माशाचे संवर्धन त्याआधी, १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले होते; मात्र ते ताज्या किंवा गोठविलेल्या मासळीवर चाले. भारतात चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे नियंत्रित प्रजनन साधले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टनमजवळ समुद्रात पहिला पिंजरा उभारला आणि मंडपम् येथील केंद्रात मोदसा (कोबिया) या माशाचे २०१० मध्ये, तर सिल्व्हर पॉम्पॅनोचे २०११ मध्ये प्रजनन केले. (नावातील साम्यामुळे पॉम्पॅनोला पापलेट समजले जाते, हे दोन मासे वेगळ्या कुलांतील आहेत.)

प्रथिने व ऊर्जा : मांसाहारी सागरी माशांच्या खाद्यात प्रथिनांचे प्रमाण ४० ते ५५% ठेवावे लागते, कोंबडीच्या खाद्यात ते सु. २०% असले तरी पुरते. यावरून मासा प्रथिनांची उधळपट्टी करतो, असे वाटण्याचा संभव आहे. पण वस्तुस्थिती तशी नाही. मासा शीतरक्ती असल्याने शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला ऊर्जा खर्चावी लागत नाही. पाणी त्याच्या शरीराचा भार पेलते. प्रथिनांच्या विघटनातून निघणारा नायट्रोजन तो मुख्यत्वे अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. त्यामुळे यूरिया किंवा यूरिक अम्ल तयार करण्याचा खर्चही वाचतो. सारांश, त्याची ऊर्जेची गरज कमी आणि त्या मानाने आहारातील प्रथिनांचा वाटा मोठा असतो. १ किग्रॅ. वजन वाढण्यासाठी सामन माशाला सु. १·२ किग्रॅ. खाद्य पुरते. या आकड्याला खाद्य-रूपांतर गुणोत्तर म्हणतात. पशुपालनाशी तुलना करताना त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. मात्र खाद्य जवळजवळ कोरडे असते आणि वाढलेल्या माशात दोन-तृतीयांशाच्या आसपास पाणी असते, हे ध्यानात ठेवणे बरे.

प्रथिनांची म्हणून माशाला गरज नसून त्यांतील ॲमिनो अम्लांची असते. आर्जिनीन, हिस्टिडीन, आयसोल्युसीन, ल्युसीन, लायसीन, मिथिओनीन, फिनिलॲलॅनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफेन व व्हॅलीन ही दहा अम्ले मासा स्वतः पुरेशी बनवू शकत नाही. मासळीच्या प्रथिनात ती सर्व योग्य प्रमाणात असतात. वनस्पतिज प्रथिनांत लायसीन किंवा मिथिओनीन यांपैकी एखादे बहुधा कमी पडते व ते वेगळे मिसळावे लागते. टॉरीन हे संयुग प्रथिनांचा घटक नसल्यामुळे पूर्वी ते फारसे विचारात घेतले जात नसे. जपानमध्ये यलोटेल व लाल सी ब्रीम या माशांना सोयाबीनवर आधारलेले, मासळीचा अंश कमी असलेले खाद्य दिल्यावर त्यांची वाढ खुंटली, रक्तक्षय झाला आणि यकृत हिरवे पडू लागले. खाद्यात टॉरीन मिसळताच हा विकार टळला. टॉरीन प्राणिज ऊतकांत असते, वनस्पतींत जवळजवळ नसते आणि अनेक सागरी माशांना ते स्वतः पुरेसे तयार करता येत नाही. मासळीत असलेली, पण कोणी न मोजलेली द्रव्येही महत्त्वाची असू शकतात, हे या उदाहरणावरून स्पष्ट झाले.

मेद व वसाम्ले : खाद्यात मेदाचे प्रमाण पुरेसे असेल, तर मासा ऊर्जेसाठी मेद जाळतो व प्रथिने शरीरवाढीसाठी राखली जातात. या तत्त्वावर सामन माशाच्या खाद्यातील मेद क्रमाक्रमाने वाढवून ३५ टक्क्यांच्याही वर नेण्यात आला. जिताड्यासारख्या उष्ण पाण्यातील माशांना इतका मेद मानवत नाही. तो यकृतात व आतड्याभोवती साचतो.

मेदाचे प्रमाण जितके महत्त्वाचे, त्याहून त्याचा प्रकार अधिक महत्त्वाचा. आयकोसापेंटानोइक अम्ल (ईपीए) व डोकोसाहेक्झानोइक अम्ल (डीएचए) ही ओमेगा-३ गटातील लांब साखळीची बहु-असंतृप्त वसाम्ले कोशिकांच्या पटलांचे घटक आहेत. मेंदू व डोळ्यातील जालपटल यांत डीएचए विपुल असते. गोड्या पाण्यातील बहुतेक मासे जवस, मोहरी यांसारख्या तेलांतील लिनोलेनिक अम्लापासून ही अम्ले बनवू शकतात. समुद्रातील मांसाहारी माशांना मात्र ती तयार मिळावी लागतात, कारण साखळी लांबविणाऱ्या व तीत द्विबंध निर्माण करणाऱ्या एंझाइमांपैकी काही त्यांच्यात नसतात किंवा अत्यल्प क्रियाशील असतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अन्नात ही अम्ले भरपूर होती, त्यांनी ती घडविण्याची यंत्रणा गमावली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. शैवले व सागरी गवत खाणाऱ्या रॅबिटफिश (सिगॅनस) या माशात २०१० साली आढळलेले एंझाइम या स्पष्टीकरणास पुष्टी देते : त्याच्या साहाय्याने तो मासा डीएचए स्वतः बनवितो. नदीत जन्मून समुद्रात वाढणारा सामन या दोहोंच्या मध्ये मोडतो व वनस्पतिज तेलाचे मोठे प्रमाण सहन करतो; सामन-संवर्धनाच्या भरभराटीचे हेही एक कारण आहे.

सागरी माशांच्या तेलात असलेली ही अम्ले मूळची माशांची नसतात. ती एककोशिक शैवले व तत्सम सूक्ष्मजीव तयार करतात. त्यांच्याकडून ती अरित्रपादांसारख्या (कोपेपॉडांसारख्या) सूक्ष्म कवचधारी प्राण्यांत, त्यांच्याकडून तारलीसारख्या लहान माशांत आणि शेवटी मोठ्या माशांत पोहोचतात. तेव्हा संवर्धित माशाला मत्स्यतेल देणे म्हणजे या साखळीतील मधल्या कडीतून उचल करणे होय.

कार्बोहायड्रेटे, जीवनसत्त्वे व खनिजे : मांसाहारी सागरी माशांना कार्बोहायड्रेटांची आवश्यकता नसते. स्टार्च पचले, तरी रक्तातील ग्लुकोज दीर्घकाळ चढलेले राहते. असे असूनही खाद्यात १० ते २०% स्टार्च असतेच, कारण त्यावाचून गोळी बांधली जात नाही व फुगत नाही. येथे स्टार्च हे अन्नापेक्षा बांधणीचे द्रव्य आहे.

बहुतेक अस्थिमत्स्यांना क-जीवनसत्त्व शरीरात बनविता येत नाही. ते कमी पडल्यास पाठीचा कणा वाकतो, कल्ल्यांची झाकणे आखूड राहतात व जखमा लवकर भरत नाहीत. साधे ॲस्कॉर्बिक अम्ल खाद्यनिर्मितीतील उष्णतेने नाश पावत असल्याने त्याची टिकाऊ फॉस्फेट संयुगे वापरतात. कच्ची मासळी देण्यातील एक धोका जीवनसत्त्वांशीच निगडित आहे. अँचोव्हीसारख्या काही माशांच्या मांसात थायामिनेज हे एंझाइम असते व ते ब१ जीवनसत्त्वाचा (थायामिनाचा) नाश करते. केवळ अशा मासळीवर वाढविलेल्या यलोटेल माशांत थायामिनाच्या अभावाचा रोग उद्‌भवला होता. खवट तेलामुळे ई-जीवनसत्त्वही संपुष्टात येते.

सागरी मासा सतत समुद्राचे पाणी पितो. त्यामुळे कॅल्शियम व मॅग्नेशियम त्याला पाण्यातून मिळतात. फॉस्फरस मात्र समुद्रात अत्यल्प असल्यामुळे आहारातूनच द्यावा लागतो. धान्ये व पेंडी यांतील फॉस्फरस बहुतांशी फायटिक अम्लाच्या रूपात असतो व तो माशाला पचत नाही. म्हणून वनस्पतिज खाद्यात फायटेज एंझाइम मिसळतात. सामन माशाच्या मांसाचा गुलाबी-नारिंगी रंगही आहारातील ॲस्टाझँथीन या रंगद्रव्यामुळे येतो. निसर्गात ते त्याला लहान कवचधारी प्राण्यांतून मिळते. पिंजऱ्यातील माशाच्या खाद्यात ते घातले नाही, तर मांस फिकट राहते.

डिंभांचा आहार : सागरी मत्स्यसंवर्धनातील खरी अडचण माशाच्या आयुष्याच्या पहिल्या महिन्यात असते. सामन माशाचे अंडे ५ ते ६ मिमी. व्यासाचे असून त्यातील पीतक पिलाला कित्येक आठवडे पुरते; ते संपेपर्यंत पिलू इतके मोठे होते, की बारीक भुग्याच्या रूपातील कोरडे खाद्य ते पहिल्यापासून घेऊ शकते. जिताड्याचे अंडे १ मिमी.पेक्षाही लहान असते. त्यातून बाहेर पडणारा डिंभ (अळीसदृश बाल्यावस्था) सु. १·५ मिमी. लांबीचा, न उघडलेल्या तोंडाचा व अपुऱ्या डोळ्यांचा असतो. दोन-तीन दिवसांत पीतक संपत येते. त्या सुमारास तोंड उघडते. पण जठर अद्याप बनलेले नसते, आतडे म्हणजे एक सरळ नळी असते आणि पाचक एंझाइमे तोकडी असतात. हलणाऱ्या भक्ष्यालाच तो प्रतिसाद देतो. या काळात योग्य आकाराचे, जिवंत व पोषक भक्ष्य तोंडासमोर नसेल, तर बहुसंख्य डिंभ मरतात.

या गरजेवर दोन प्राण्यांनी तोड काढली. पहिला रोटिफर, ०·१ ते ०·३ मिमी. आकाराचा चक्रधर प्राणी. जपानमधील ईल माशांच्या तळ्यांत तो उपद्रवी म्हणून ओळखला जात असे. सागरी डिंभांचे अन्न म्हणून त्याचा उपयोग ताकाशी इतो यांनी १९६० मध्ये सुचविला. दुसरा आर्टेमिया हा खारट सरोवरांत राहणारा कवचधारी. त्याची सुप्तावस्थेतील अंडी कोरडी करून वर्षानुवर्षे डब्यांत ठेवता येतात व खाऱ्या पाण्यात टाकल्यावर साधारण एका दिवसात त्यांतून ०·४ ते ०·५ मिमी. लांबीचे डिंभ बाहेर पडतात. अमेरिकेत सील यांनी १९३३ मध्ये व नॉर्वेत रॉलेफसेन यांनी १९३९ मध्ये माशांच्या डिंभांसाठी त्यांचा उपयोग दाखवून दिला. अमेरिकेतील यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक हे या अंड्यांचे प्रमुख उगमस्थान आहे. तेथील हंगाम कमी आला, की दूरदूरच्या बीजोत्पादन केंद्रांना त्याची झळ पोहोचते.

हे दोन्ही प्राणी सोयीचे असले, तरी सागरी डिंभांचे नैसर्गिक अन्न नव्हेत आणि त्यांच्या शरीरात डीएचए जवळजवळ नसते. बेकरीतील यीस्टवर रोटिफर वाढविणे स्वस्त पडे, परंतु ते खाणारे डिंभ पोट भरलेले असूनही मोठ्या संख्येने मरत. लांब साखळीच्या वसाम्लांचा अभाव हे त्याचे कारण जपानी संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात उलगडले. तेव्हापासून रोटिफर व आर्टेमिया यांना डिंभांपुढे ठेवण्यापूर्वी काही तास मत्स्यतेलाच्या पायसात किंवा नॅनोक्लोरॉप्सिस, आयसोक्रायसिस यांसारख्या शैवलांवर पोसले जाते. त्यांच्या पोटात भरलेले हे पोषण डिंभाला मिळते. भक्ष्य हे येथे जिवंत वेष्टन ठरते. टर्बट, हॅलिबट यांसारख्या चपट्या माशांत डीएचए व इतर वसाम्ले यांचा तोल बिघडल्यास त्वचेचा रंग नीट भरत नाही व कातडीवर पांढरे डाग राहतात.

जिताड्याच्या डिंभांना साधारण तिसऱ्या दिवसापासून रोटिफर, नवव्या-दहाव्या दिवसापासून आर्टेमिया आणि तीन आठवड्यांच्या सुमारास बारीक कोरडे खाद्य देऊ लागतात. जिवंत अन्नावरून कोरड्या खाद्यावर आणण्याचा हा काळ नाजूक असतो, कारण याच वयात पिले परस्परांना खाऊ लागतात. आपल्या लांबीच्या सु. दोन-तृतीयांश लांबीचे भावंड जिताडा गिळू शकतो. त्यामुळे दर काही दिवसांनी आकारवारीने पिले वेगळी करावी लागतात. भुकेली पिले अधिक हिंस्र होत असल्याने वेळच्या वेळी खाद्य देणे हाही बचावाचाच एक भाग असतो.

ओली मासळी व गोळी खाद्य : बोटुकलीपासून विक्रीयोग्य माशापर्यंतच्या वाढीसाठी आशियातील अनेक भागांत स्वस्त ओली मासळी तुकडे करून देण्याची प्रथा आहे. १ किग्रॅ. जिताडा वाढविण्यास ती ५ ते ८ किग्रॅ. लागते, तर गोळी खाद्य दीड ते दोन किग्रॅ. पुरते. ओल्या मासळीत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असल्याने कोरड्या द्रव्याच्या हिशेबाने हा फरक दिसतो तितका मोठा नाही. तिच्या विरुद्धची खरी कारणे निराळी आहेत. तुकड्यांतून सुटणारा रस व मांसाचे कण पाण्यात वाया जाऊन तळाशी कुजतात. मासळीबरोबर रोगजंतू व परजीवी पिंजऱ्यात येतात. तिचा पुरवठा व भाव रोज बदलतो आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असल्यामुळे ती नेमकी पावसाळ्यात दुर्मिळ होते. ‘टाकाऊ’ म्हणून दिल्या जाणाऱ्या या मासळीत मोठ्या होऊ शकणाऱ्या माशांची पिलेही असतात. तिच्यातील तारली, मांदेली, जवळा हे किनाऱ्यावरील गरीब कुटुंबांच्या रोजच्या जेवणातील पदार्थ आहेत. एका माशाला ‘टाकाऊ’ म्हणावयाचे ते कोणाच्या दृष्टीने, हे ठरविल्यावाचून या पद्धतीचा हिशेब पुरा होत नाही.

जपानच्या यलोटेल व्यवसायाला या परावलंबनाचा फटका बसला. तेथील सार्डीनचे वार्षिक उत्पादन १९८८ च्या सुमारास ४० लाख टनांहून अधिक होते. पुढील काही वर्षांतच ते कोसळले. त्यानंतर तेथे मासळीचा कीस व कोरडी भुकटी एकत्र करून बनविलेल्या ओलसर गोळ्यांकडे आणि पुढे कोरड्या गोळ्यांकडे व्यवसाय वळला.

आजचे गोळी खाद्य बहिःसारण पद्धतीने बनवितात. दळलेल्या घटकांत वाफ व पाणी मिसळून ते मळसूत्री दांड्याने दाबाखाली पुढे ढकलतात; तापमान १०० °से.च्या वर गेल्याने स्टार्च शिजते. छिद्रांतून बाहेर पडताच दाब एकदम उतरून गोळी फुगते व सच्छिद्र होते. ती वाळवून निर्वात भांड्यात तेलाने भिजविली, की छिद्रांत तेल भरते. फुगण्याचे प्रमाण कमीजास्त करून गोळी तरंगणारी, सावकाश बुडणारी अथवा लवकर बुडणारी करता येते. जिताडा वरच्या थरात झडप घालून खात असल्याने त्याला तरंगणारी किंवा सावकाश बुडणारी गोळी सोयीची. एकदा तळाशी पडलेली गोळी तो सहसा उचलत नाही.

मत्स्यचूर्ण व मत्स्यतेल : लहान मासे शिजवून, पिळून, वाळवून व दळून मत्स्यचूर्ण (मासळीची भुकटी) करतात, पिळून निघालेल्या रसातून तेल वेगळे होते. १०० किग्रॅ. मासळीपासून साधारणतः २२ ते २४ किग्रॅ. चूर्ण व ५ किग्रॅ.च्या आसपास तेल मिळते. चूर्णात ६० ते ७२% प्रथिने असतात, ती सहज पचतात व माशांना त्याची चव आवडते. या उद्योगाचा सर्वांत मोठा आधार पेरूच्या किनाऱ्यावरील अँचोव्ही हा मासा आहे. १९७० मध्ये त्याचे उत्पादन १२० लाख टनांहून अधिक होते. अतिमासेमारी व १९७२-७३ चा एल निन्यो (पॅसिफिक महासागरातील उष्ण प्रवाहाचा प्रकोप) यांमुळे ते १९७३ मध्ये सु. २० लाख टनांवर घसरले. २०२३ मध्येही एल निन्योच्या काळात जाळ्यांत पिलांचे प्रमाण जास्त आढळल्याने पेरूने वर्षातील पहिला हंगाम रद्द केला आणि मत्स्यतेलाचे भाव जगभर चढले.

नॉर्वेतील सामन-खाद्यात १९९० साली सु. ६५% मत्स्यचूर्ण व २४% मत्स्यतेल होते. २०२० साली ही प्रमाणे अनुक्रमे सु. १२ व १० टक्क्यांवर आली. खाद्य-रूपांतर गुणोत्तर १·२ धरल्यास १ किग्रॅ. सामन माशामागे चूर्णासाठी १९९० मध्ये सु. ३·४ किग्रॅ. रानटी मासळी लागत असे, ती २०२० मध्ये ०·६ किग्रॅ.वर आली. तेलाच्या हिशेबाने मात्र हे आकडे सु. ५·८ व २·४ किग्रॅ. येतात. (एकाच मासळीतून चूर्ण व तेल दोन्ही निघत असल्याने हे दोन हिशेब एकत्र मिळवावयाचे नसतात.) चूर्णाला पर्याय शोधणे त्या मानाने सोपे ठरले आणि टंचाई तेलाची, म्हणजे वस्तुतः ईपीए व डीएचए यांची आहे, हे यावरून दिसते. आज मत्स्यचूर्णाचा सु. एक-तृतीयांश भाग मासळी कापताना उरणारी डोकी, हाडे व आतडी यांपासून बनतो.

पर्यायी घटक : सोयाबीनची पेंड सर्वांत स्वस्त व मुबलक, परंतु ती दिल्यास सामन माशाच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला दाह होतो. त्यास मुख्यत्वे तिच्यातील सॅपोनिने कारणीभूत असल्याचे आढळले आहे. अल्कोहॉलाने ती काढून टाकलेले सोया-प्रथिन हे आज नॉर्वेतील खाद्याचे प्रमुख प्रथिनसाधन आहे. यूरोपीय संघाने पशूंच्या मेंदूरोगाच्या भीतीने २००१ मध्ये बंद केलेली प्राणिज प्रथिने रवंथ न करणाऱ्या प्राण्यांपुरती २०१३ मध्ये मत्स्यखाद्यात पुन्हा चालू केली व २०१७ पासून कीटकांच्या भुकटीसही मान्यता दिली. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या त्यांतील मुख्य होत. त्यांची किंमत अद्याप जास्त पडते.

तेलाच्या बाबतीत मोहरीवर्गीय रेप बियांच्या तेलाने ऊर्जेची गरज भागते. पण माशाच्या मांसात तेच तेल उतरते. स्कॉटलंडमधील संवर्धित सामन माशातील ईपीए व डीएचए यांचे एकत्रित प्रमाण २००६ ते २०१५ या काळात सु. निम्म्यावर आले. ओमेगा-३ साठी सामन खाणाऱ्या ग्राहकाला पूर्वीइतका लाभ मिळण्यास दुप्पट मासा खावा लागेल, असा याचा अर्थ होतो. यावर उपाय म्हणून शिझोकायट्रियम या सूक्ष्मजीवाची टाक्यांत वाढ करून तेल काढले जाते. सागरी शैवलांची जनुके घातलेल्या कॅनोला व कॅमेलिना या तेलबियाही तयार झाल्या आहेत. या दोन्ही मार्गांनी साखळीतील मधली कडी वगळून थेट उगमाशी जाता येते, म्हणून ते इतर पर्यायांपेक्षा अधिक मूलगामी वाटतात.

खाद्य देण्याची पद्धती व पर्यावरण : उत्तम खाद्यही चुकीच्या रीतीने दिल्यास वाया जाते. किती खाद्य द्यावयाचे ते माशाचे वजन व पाण्याचे तापमान यांवरून कोष्टकाने ठरवितात. पण ढगाळ हवा, गढूळ पाणी, भरती-ओहोटीची ओढ वा रोगाची सुरुवात यांमुळे भूक रोज बदलते. नॉर्वेत हवेच्या नळ्यांतून गोळ्या फेकल्या जातात व पाण्याखालील कॅमेऱ्यांतून बुडणाऱ्या गोळ्या दिसू लागताच पुरवठा थांबवितात. लहान पिंजऱ्यांवर हेच काम माणूस मुठीने खाद्य टाकून व पाण्यावरील खळबळ पाहून करतो. सरावलेला हात या कामी यंत्राला फारसा हार जात नाही. खाल्लेल्या नायट्रोजनाचाही साधारण ४० टक्क्यांच्या आसपासचाच भाग माशाच्या शरीरात राहतो. उरलेला मुख्यत्वे अमोनियाच्या रूपात पाण्यात जातो. वाहते, खोल पाणी तो सहज वाहून नेते. संथ खाडीत पिंजरे दाटीने लावल्यास तळाचा गाळ काळा पडतो व प्राणवायू घटतो.

महाराष्ट्रातील स्थिती : रायगड जिल्ह्यात पेण, अलिबाग या भागांत पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिले पकडून ती गावतळ्यांत सोडण्याची जुनी रीत आहे. जिताडा गोड्या पाण्यातही वाढतो व तळ्यातील लहान मासे व कोळंबी खाऊन मोठा होतो. विरळ संख्येत ही रीत खाद्याच्या खर्चाविना चालते. संख्या वाढविताच अन्न बाहेरून आणावे लागते आणि वर वर्णिलेले सर्व प्रश्न लागू होतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाड्यांत जिताड्याचे पिंजरे बचत गटांनी व मच्छीमार कुटुंबांनी चालविले आहेत. त्यांच्यापुढील निवड बहुधा दारात मिळणारी ओली मासळी आणि रोख पैसे मोजून आणावयाचे गोळी खाद्य यांतील असते. मासळी हाताशी स्वस्त मिळते, म्हणून तिच्याकडे ओढा असणे स्वाभाविक आहे. पण मासे वाढविण्याच्या सर्व काळाचा हिशेब मांडला, बंदीच्या महिन्यांतील उपासमार व तीमुळे वाढणारे परस्परभक्षण धरले, तर तिचा स्वस्तपणा बराचसा ओसरतो. कोरड्या खाद्याला कोकणातील दमट हवेचा वेगळा धोका आहे. पावसाळ्यात उघड्या पोत्यांत बुरशी धरते व तिच्यातील ॲफ्लॅटॉक्सिने माशाच्या यकृतास अपाय करतात. तेल खवट होण्याची क्रियाही उष्ण हवेत जलद होते. म्हणून पोती जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून अंतर राखून ठेवतात, जुनी आधी वापरतात आणि बुरशीचा वास येणारे खाद्य फेकून देतात.